गंजलेले व झिजलेले स्क्रू काढणे (जुनी वाहने)

गंजलेले व झिजलेले स्क्रू काढणे हे जुन्या वाहनांच्या दुरुस्तीतील व पुनर्बांधणीतील एक मूलभूत कौशल्य आहे. गंजामुळे जागच्या जागी जखडलेला, माथ्यावरील खाच झिजून गोल झालेला किंवा माथाच तुटून गेलेला स्क्रू, भोवतीच्या भागाला इजा न करता बाहेर काढणे असे या कामाचे स्वरूप असते. स्क्रूची किंमत काही रुपयांची असते. तो ज्यात बसलेला असतो तो इंजिनचा ओतीव डबा, कार्ब्युरेटर किंवा दाराचा खांब मात्र उत्पादन बंद झालेल्या वाहनासाठी पुन्हा मिळेलच असे नाही. त्यामुळे हत्यार हाती घेण्यापूर्वी वाचवायचे काय आहे, हे ठरवणे आवश्यक असते. स्क्रू वाचवण्याच्या नादात डब्याचे आटे गमावल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायात नित्याची आहेत.

भारतात ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना २०२१ पासून ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय आहे. अशा वाहनाच्या बाबतीत मूळ भाग जपण्याला अधिकच महत्त्व येते.

शब्दविचार

स्क्रूसाठी मराठीत ‘मळसूत्र’ हा जुना शब्द असून पाठ्यपुस्तकांतील साध्या यंत्रांच्या पाठात तो अद्याप आढळतो. व्यवहारात मात्र ‘स्क्रू’च रूढ आहे. दांड्यावरील सर्पिल कंगोऱ्यांना ‘आटे’ म्हणतात. स्क्रू नुसताच गरगर फिरू लागला, आवळलाही जात नाही व सुटतही नाही, की ‘आटे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. पेचकस ज्यात बसतो ती माथ्यावरची ‘खाच’. खाच झिजणे व आटे जाणे या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बोलताना त्यांची सरमिसळ होते, म्हणून हा भेद आरंभीच नोंदवला आहे. डोक्याचा स्क्रू ढिला असणे हा वाक्प्रचार ज्याने घडवला, त्याला जुन्या मोटारीच्या दाराची बिजागरी सोडवण्याचा प्रसंग आला नसावा.

स्क्रू जाम होण्याची कारणे

लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. मूळ लोखंडापेक्षा गंज दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फट केसाएवढी बारीक असते. तीत गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखा परिणाम होऊन दोन्ही भाग एकमेकांत रुततात. क्षारांमुळे ही क्रिया वेगाने होते. कोकणपट्टी, मुंबई व गोवा येथील खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात राहिलेल्या गाड्यांचे तळाकडील स्क्रू देशावरील गाड्यांच्या मानाने लवकर जखडतात, याचे कारण हेच.

दुसरे कारण दोन भिन्न धातूंच्या संगतीचे आहे. ॲल्युमिनिअमच्या डब्यात पोलादी स्क्रू असेल आणि तेथे ओल पोहोचली, तर सूक्ष्म विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते व त्यात ॲल्युमिनिअम झिजते. स्क्रूच्या भोवती दिसणारी पांढरी भुकटी ही त्याची खूण होय. येथे तांबडा गंज दिसत नाही, म्हणून काम सोपे असेल असा समज होतो. प्रत्यक्षात असे स्क्रू पोलादात गंजलेल्या स्क्रूंपेक्षा अधिक त्रास देतात.

याखेरीज पूर्वीच्या कारागिराने अवाजवी आवळणे, आट्यांना पकड-द्रव लावलेला असणे, वर रंगाचे थर बसणे, सायलेन्सरजवळच्या भागात वारंवार तापणे-निवणे अशी कारणे असतात. आटे तिरपे धरून स्क्रू जबरदस्तीने बसवलेला असेल, तर त्याला गंजाची गरजही नसते.

खाच आणि पेचकस

बहुसंख्य खाचा गंजामुळे झिजत नाहीत, चुकीच्या पेचकसामुळे झिजतात. अधिक चिन्हाच्या आकाराची खाच अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात प्रचारात आणली व १९३६ मध्ये कॅडिलॅक मोटारींच्या उत्पादनात तिचा वापर सुरू झाला. या खाचेच्या भिंती आत निमुळत्या होत जातात. जोर वाढला की पेचकस वर ढकलला जातो आणि निसटताना खाचेच्या कडा खरवडून काढतो. हा गुणधर्म मुद्दाम ठेवला होता की नाही यावर मतभेद आहेत. जुना स्क्रू उघडणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम एकच.

जपानी बनावटीच्या वाहनांत दिसणारी खाच फिलिप्ससारखीच भासते, परंतु ती जपानी औद्योगिक मानकानुसार असते आणि तिची कोनरचना किंचित वेगळी असते. फिलिप्स पेचकसाचे टोक अशा खाचेत पूर्ण रुजत नाही. ते तळाला टेकते व बाजूंना फट राहते. अशा स्क्रूच्या माथ्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० आणि तिच्या पिढीतील इतर जपानी तंत्राच्या मोटारसायकली यांच्या इंजिनच्या बाजूच्या झाकणांना असे स्क्रू आहेत. या गाड्यांची झाकणे उघडताना डझनभर स्क्रूंपैकी दोन-तीन हमखास गोल होतात, त्यामागे बहुधा हा न जुळणारा पेचकस असतो. जपानी मानकाचा पेचकस मिळत नसेल, तर फिलिप्स पेचकसाचे टोक कानशीने किंवा सहाणेवर किंचित घासून बोथट केल्यास ते खाचेत अधिक खोल बसते.

पेचकस लावण्यापूर्वी खाचेतील माती, ग्रीस व रंग टोकदार सळईने कोरून काढावा. मग टोक खाचेत उभे धरून वरून हातोडीचा एक हलका घाव द्यावा. त्याने टोक पूर्ण रुजते आणि आट्यांमधील गंजालाही तडा जातो. फिरवताना जोराचा मोठा वाटा खाली दाबण्याकडे व उरलेला फिरवण्याकडे असावा. टोकाला व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावल्यास तिच्यातील कणांमुळे पकड वाढते.

तेलाचा उपयोग

आट्यांत झिरपणारी पातळ तेले हा पहिला व सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे. गॅरेजांत पूर्वापार रॉकेल किंवा डिझेल व इंजिन तेल यांचे मिश्रण वापरले जाते. ॲसिटोन आणि स्वयंचलित गिअरपेटीचे तेल समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रणही लोकप्रिय आहे; ते फार ज्वालाग्राही असते, रंग उतरवते आणि स्थिर ठेवल्यास त्याचे थर वेगळे होतात. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झालेले द्रव्य मुळात ओल दूर सारण्यासाठी होते. ते या कामी थोडेफार उपयोगी पडते, परंतु झिरपण्यासाठीच बनवलेल्या तेलाची बरोबरी करीत नाही.

तेलाला वेळ लागतो. सायंकाळी तेल सोडून, माथ्यावर दोन-चार हलके घाव देऊन, रात्रभर थांबून सकाळी पुन्हा तेल द्यावे. फार गंजलेल्या ठिकाणी हा क्रम दोन-तीन दिवस चालवावा. शक्य तेथे आट्यांच्या मागच्या बाजूने तेल सोडणे अधिक परिणामकारक असते, कारण माथ्याखाली तेल सहसा शिरत नाही. कामाची घाई असलेल्या गॅरेजात हा वेळ दिला जात नाही, आणि तुटलेल्या स्क्रूंचा मोठा भाग या घाईचाच असतो.

स्क्रू हलू लागला तरी तो एका दमात काढू नये. पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावा. सुटलेला गंज आट्यांत भरून पुन्हा पाचर बनतो. मागे-पुढे केल्याने त्याचा चुरा होऊन तो बाहेर पडतो. पहिली हालचाल सोडण्याच्या दिशेने न करता किंचित आवळण्याच्या दिशेने केल्यास गंजाचा बंध अनेकदा अधिक सहज तुटतो.

धक्क्याचा पेचकस

हातोडीने ठोकायचा धक्क्याचा पेचकस, म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर, हे या कामाचे खास हत्यार आहे. त्याच्या मुठीतील तिरप्या खाचेमुळे घावाचा काही जोर फिरवण्यात रूपांतरित होतो. ज्या क्षणी तो स्क्रूला फिरवतो त्याच क्षणी टोक खाचेत दाबलेले असते, म्हणून ते निसटत नाही. दिशा बदलण्याची कळ घड्याळाच्या उलट बाजूस आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे. चुकीच्या दिशेने दिलेला एक घाव मागील दोन दिवसांच्या तेलावर पाणी फिरवतो.

इंजिनच्या झाकणांवर हे हत्यार उत्तम चालते. कार्ब्युरेटर, वीजदिव्यांचे कडे व पातळ ओतीव भागांवर ते वापरू नये, कारण तेथे स्क्रू सुटण्याआधी भाग तडकतो. बॅटरीवर चालणाऱ्या, स्वतःच घाव घालणाऱ्या यंत्राने काम वेगाने होते, मात्र लहान स्क्रूचा माथा क्षणात तुटू शकतो.

उष्णता

तापवल्यावर पोलाद जितके प्रसरण पावते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ॲल्युमिनिअम प्रसरण पावते. म्हणून ॲल्युमिनिअमच्या डब्यातील पोलादी स्क्रूसाठी भोवतीचा डबा तापवावा. छिद्र सैल होते. पोलादात पोलाद अडकले असेल, तर तापवून निवू देण्यानेच गंजाचा बंध फुटतो. गरम स्क्रूच्या कडेला मेणबत्तीचे मेण टेकवल्यास ते वितळून आट्यांत ओढले जाते आणि निवल्यावरही वंगणाचे काम करते. उच्च शक्तीचा पकड-द्रव लावलेला असल्यास सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याखेरीज तो मऊ पडत नाही.

शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, ओतकामातील मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला. लोखंडासारखे ते आधी लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला जसेच्या तसे असताना ते एकाएकी ढासळते. त्यामुळे अशा भागावर उघड्या ज्वालेऐवजी गरम हवेचे यंत्र वापरणे श्रेयस्कर ठरते.

माथ्याची खाच गेल्यावर

खाच पूर्ण गोल झाली, तरी माथा शिल्लक असतो व त्याचाच उपयोग करायचा असतो. माथा पृष्ठभागावर उंच असेल, तर त्याची कड लॉकिंग पकडीत घट्ट धरून फिरवता येतो. हॅक्सॉच्या पात्याने माथ्यावर नवी सरळ खाच पाडून रुंद पेचकस लावता येतो. बोथट छिन्नी माथ्याच्या परिघावर तिरपी ठेवून सोडण्याच्या दिशेने ठोकणे ही जुन्या कारागिरांची पद्धत आहे. तिने माथा विद्रूप होतो, पण बरेच स्क्रू निघतात.

हे न साधल्यास माथाच ड्रिलने उडवावा. हा उपाय हताशेतून केलेला वाटतो, वस्तुतः तो अनेकदा सर्वांत शहाणपणाचा असतो. ६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी तेवढ्याच किंवा किंचित मोठ्या ड्रिलने माथ्याच्या जाडीएवढेच छिद्र पाडले की माथा कडीसारखा सुटतो. झाकण निघून आल्यावर स्क्रूवरील ताण नाहीसा होतो आणि बाहेर राहिलेला दांडा पकडीने, कधी तर बोटांनीही, फिरवून काढता येतो.

तुटून आत राहिलेला स्क्रू

दांडा पृष्ठभागाच्या पातळीवर किंवा त्याखाली तुटला असेल, तर काम अवघड होते. थोडा भाग वर असल्यास त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगची उष्णता गंज फोडते व नटाला पाना लावता येतो. ॲल्युमिनिअमला पोलादी वेल्ड चिकटत नसल्याने कुशल वेल्डरच्या हातून डब्याला धक्का लागत नाही.

अन्यथा तुकड्याला छिद्र पाडावे लागते. येथे सारे काही छिद्र मध्यावर असण्यावर अवलंबून आहे. तुटलेला पृष्ठभाग आधी सपाट करावा, सेंटर पंचाने मध्यभागी खूण करावी, ती भिंगातून तपासावी व चुकली असल्यास पंच तिरपा धरून सरकवावी. ६ मिलिमीटरच्या तुकड्यासाठी आरंभ अडीच-तीन मिलिमीटरच्या ड्रिलने, मंद वेगाने व तेल देत करावा. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाल्यास ते वापरावे, कारण ते सोडण्याच्या दिशेने फिरते आणि पुष्कळदा छिद्र पडतापडताच तुकडा बाहेर येतो.

या छिद्रात ठोकून फिरवायचे उलट्या आट्यांचे निमुळते हत्यार ‘ईझी-आउट’ या नावाने बाजारात मिळते. नावातील सहजतेवर विसंबू नये. हे हत्यार अतिशय कठीण व म्हणून ठिसूळ पोलादाचे असते. ते आत तुटले तर साध्या ड्रिलने कापले जात नाही, आणि स्क्रूच्या जागी त्याहून वाईट अडथळा निर्माण होतो. ज्या स्क्रूचा पूर्ण जाडीचा दांडा पिळून तुटला, तो त्याहून बारीक हत्याराने सुटेल ही अपेक्षा मुळातच धाडसाची आहे. माथा जास्त आवळल्याने तुटला असेल आणि आटे गंजलेले नसतील, तेथेच त्याचा भरवसा धरावा.

खात्रीचा मार्ग म्हणजे छिद्र क्रमाक्रमाने मोठे करीत नेणे. ६ मिलिमीटरच्या आट्यांसाठी ५ मिलिमीटरपर्यंत आणि ८ मिलिमीटरच्या आट्यांसाठी ६.८ मिलिमीटरपर्यंत गेल्यावर स्क्रूचे उरलेले कवच स्प्रिंगसारखे सुईने उचकटून काढता येते व योग्य टॅप फिरवून आटे स्वच्छ करता येतात. छिद्र सरकून डब्याचे आटे गेलेच, तर मोठे आटे पाडून त्यात तारेच्या वेटोळ्याचा आटा बसवतात. हेलिकॉइल हे त्याचे प्रचलित नाव. असा आटा ॲल्युमिनिअमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतो.

टॅप निवडताना वाहनाच्या आट्यांची पद्धत माहीत असावी लागते. जपानी व युरोपीय वाहनांत मेट्रिक आटे असतात. जुन्या बुलेटसारख्या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत ब्रिटिश पद्धतीचे आटे आढळतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश असतो, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंश. दिसायला जवळचा वाटणारा टॅप येथे आटे कापून टाकतो.

तुरटीची पद्धत

ॲल्युमिनिअम किंवा पितळेच्या लहान भागात पोलादी तुकडा अडकला असेल, तर तो तुरटीच्या दाट, गरम द्रावणात विरघळवता येतो. घड्याळजींना ही युक्ती परिचित आहे. तुरटी पोलादाला खाते व पितळ-ॲल्युमिनिअमला फारशी खात नाही. काचेच्या किंवा साबूत मुलाम्याच्या भांड्यात द्रावण गरम ठेवून त्यात भाग बुडवतात. तुकड्यातून बारीक बुडबुडे येत राहतात. आकारानुसार काही तासांपासून काही दिवस लागतात. त्या भागावरील इतर सर्व पोलादी वस्तू आधी काढाव्यात, अन्यथा त्याही विरघळतील. जस्तमिश्रित धातूच्या कार्ब्युरेटरवर ही पद्धत वापरू नये. बुडबुडे हायड्रोजनचे असल्याने जागा मोकळ्या हवेची हवी.

उलटे आटे

न सुटणारा स्क्रू कधीकधी जाम नसतोच. तो उलट दिशेने सुटणारा असतो. विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना आणि यामाहाच्या मोटारसायकलींत उजव्या आरशाच्या दांड्याला डावे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायड्याचेही तसेच. जोर वाढवण्यापूर्वी दिसणाऱ्या आट्यांचा कल किंवा वाहनाची पुस्तिका पाहावी.

निर्णयाचे एक उदाहरण

होंडाच्या अनेक मोटारींत ब्रेकची तबकडी दोन चपट्या माथ्याच्या स्क्रूंनी हबला जोडलेली असते, आणि हे स्क्रू जखडण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. त्यांचे काम जुळणीच्या वेळी तबकडी जागेवर धरणे एवढेच. गाडी चालताना तबकडी चाकाच्या नटांमुळे दाबून राहते. म्हणून धक्क्याच्या पेचकसाने न निघाल्यास माथे खुशाल ड्रिलने उडवावेत. याउलट ब्रेकचे कॅलिपर धरणारा बोल्ट किंवा सुकाणूच्या सांध्याचा बोल्ट जखडला असेल, तर तो काढल्यावर त्याच दर्जाचा नवा बोल्ट बसवणे अनिवार्य आहे आणि त्याच्या छिद्राचे आटे गेले असतील तर तो भागच बदलावा.

सुरक्षितता

ड्रिल व छिन्नी वापरताना डोळ्यांवर चष्मा हवा. पेट्रोलची टाकी, नळी व कार्ब्युरेटर काढून दूर ठेवल्याशिवाय ज्वाला पेटवू नये, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या जोडण्या सोडाव्यात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर लावलेला भाग तापवल्यास फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या स्क्रूंचा धूर हुंगल्यास ताप भरतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. ती ओली करून पुसावी.

पुन्हा बसवताना

काढलेल्या स्क्रूंच्या जागी नवे वापरावेत. झाकणांसाठी षट्कोनी खाचेचे म्हणजे ॲलन स्क्रू सोयीचे पडतात, मात्र मूळ स्वरूप राखायचे असल्यास जुन्या नमुन्याचेच घ्यावेत. गंजरोधक म्हणून स्टेनलेस पोलादाचे स्क्रू ॲल्युमिनिअममध्ये कोरडे बसवणे ही सामान्य चूक आहे. खाऱ्या हवेत दोन धातूंमधील क्रियेने ॲल्युमिनिअमच झिजते. आट्यांना जखडणरोधक ग्रीस पातळ लावावे, पण ते ब्रेकच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर जाऊ देऊ नये. वंगण लावलेला स्क्रू तेवढ्याच पिळाने अधिक ताणला जातो, म्हणून पुस्तिकेतील कोरड्या आट्यांसाठीचा आकडा थोडा कमी करावा. ॲल्युमिनिअममधील ६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी साधारण १० न्यूटन-मीटर ही मर्यादा धरतात. स्क्रू पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवावा; बोटांनी न फिरणारा स्क्रू तिरपा लागलेला असतो व तो काढून पुन्हा लावावा लागतो.